पाद्रीबाबा, त्यांचं ‘सर’ आणि तेरा लेकरं

मागच्या अंकात आयर्लंडच्या स्वराज्याचा पुढारी पार्नेल याच्याबद्दल एकाने विचारलं होतं, तेव्हा उत्तरात मी सहज एक वाक्य टाकलं होतं की त्याची बायको कॅथरीन ही इंग्लंडमधल्या इसेक्स भागातल्या एका पाद्र्याची मुलगी, आणि तो पाद्री बॅरोनेट होता म्हणजे त्याला वडिलोपार्जित ‘सर’ होतं. झालं, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच घराबद्दल लिहितोय. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो. या पाद्र्याचं पूर्ण नाव रेव्हरंड सर जॉन पेज वुड, जन्म १७९६, मृत्यू १८६६.

आप्पा, तुम्ही लिखं की पाद्रीबाबा, आनि वरतून ‘सर’ बी. हाई कसं काय व्हस? माले समजनं नही. (एक वाचक, पारोळा)

भाऊ, तुमचा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. ‘सर’ दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे नाइट, ते माणसाने स्वतः कमावलेलं, राजा नाहीतर राणी खांद्यावर तलवार टेकवते आणि माणूस सर होतो, तो गेला की त्याच्याबरोबर ते पण गेलं. दुसरं म्हणजे बॅरोनेट, ते घराण्याला लागतं, बाप गेला की मोठ्या मुलाला, त्याच्यानंतर त्याच्या मोठ्या मुलाला, आपल्याकडे पाटीलकीचं वतन जसं थोरल्या शाखेत चालत यायचं तसंच म्हणा. हे पद जेम्स पहिला या राजाने १६११ साली काढलं आणि तेव्हा ते चक्क पैसे भरून मिळायचं, १०९५ पौंड, म्हणजे तीस सैनिक तीन वर्षं पोसायचा खर्च.

आता गंमत बघा, इंग्लंडच्या चर्चमध्ये पाद्र्याला नाइट केलं तरी त्याच्या खांद्याला तलवार लावत नाहीत आणि तो स्वतःला सर म्हणवत नाही, कारण धर्माच्या माणसाला शस्त्राचा मान नको. पण बॅरोनेटला तलवार लागतच नाही, ते रक्ताने येतं, म्हणून पाद्री बॅरोनेट असला तर तो ‘रेव्हरंड सर’ असा दोन्ही लावून चालतो. जॉन पेज वुडचे वडील १८४३ मध्ये वारले आणि त्या दिवसापासून गावचे पाद्रीबाबा सर जॉन झाले, बायको लेडी वुड झाली. काही अर्ज नाही, काही समारंभ नाही. आणि एक लक्षात ठेवा, बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे, त्याला लॉर्ड्सच्या सभागृहात खुर्ची मिळत नाही, या पदवीबरोबर ना जमीन येते ना पगार. हे मी आत्ताच सांगून ठेवतोय कारण पुढच्या सगळ्या उत्तरांत हेच लागणार आहे.

पाद्र्याला बायको आणि तेरा मुलं? आमच्या इकडचे फादर तर लग्न करत नाहीत. (एक वाचक, भुसावळ)

ताई, तुम्ही बघितलेले फादर कॅथलिक असणार. इंग्लंडचं चर्च सोळाव्या शतकात रोमपासून वेगळं झालं आणि १५४९ पासून तिथल्या पाद्र्यांना कायद्याने लग्नाची मुभा मिळाली. आपल्या नवापूर-नंदुरबारकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींमध्ये पास्टर आणि त्यांच्या मिसेस दोघं मिळून मंडळीचं बघतात ना, तसंच. इंग्लंडमध्ये खेड्यातला व्हिकर, म्हणजे गावचा पाद्री, म्हटलं की पोराबाळांचं भरलेलं घर असंच चित्र होतं. तेरावं अपत्य म्हणजे आपली कॅथरीन, जन्म जानेवारीतला आणि चाळिशीच्या दशकाच्या मध्यातला. तेराही जगली असं मात्र नाही, त्या काळी कुठेच जगत नव्हती.

या घराण्याला पदवी मिळाली कशी? जुने सरदार होते का? (एक विद्यार्थी, धुळे)

मुळीच नाही, आणि हे मला फार आवडतं. पदवी मिळवणारे म्हणजे पाद्र्याचे वडील मॅथ्यू वुड, जन्म १७६८, टिव्हर्टन नावाच्या गावातले. धंदा औषधी मालाचा आणि पुढे हॉप्सचा, हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती कडवट फुलं. व्यापारी माणूस, आपल्या जळगावच्या दाणाबाजारातला एखादा खटपट्या आडत्या डोळ्यासमोर आणा, जो पुढे नगरपालिकेत निवडून येतो. मॅथ्यू १८१५ ते १८१७ लागोपाठ दोन वेळा लंडनचा लॉर्ड मेयर म्हणजे महापौर झाला आणि त्यानंतर मरेपर्यंत म्हणजे १८४३ पर्यंत लंडन सिटीचा खासदार होता.

पण त्याचं नाव झालं ते राणी कॅरोलाइनमुळे. चौथ्या जॉर्जची ही बायको, राजाला ती नको होती, ती वर्षानुवर्षं परदेशात राहिली. १८२० साली जॉर्ज गादीवर आला तेव्हा ती आपला हक्क मागायला परत निघाली आणि तिला फ्रान्समधून घेऊन आला कोण तर हा मॅथ्यू. लंडनमध्ये ती सुरुवातीला उतरली ती पण याच्याच घरी. राजाने पार्लमेंटमधून तिचं लग्न मोडायचा आणि राणीपद काढून घ्यायचा कायदा आणला, बाईच्या वागणुकीची चर्चा भर सभागृहात साक्षीदार बोलावून केली, पण लोक रस्त्यावर उतरले राणीच्या बाजूने, नोव्हेंबरमध्ये सरकारला तो कायदा मागे घ्यावा लागला. तरी पुढच्या जुलैत नवऱ्याच्या राज्याभिषेकाला ती गेली तर चर्चच्या दारातून तिला आत सोडलं नाही. दार बंद. तीन आठवड्यांत ती वारली, ७ ऑगस्ट १८२१.

आणि या सगळ्या वर्षभरात तिचा चॅपलेन म्हणजे घरचा पाद्री आणि खाजगी सेक्रेटरी कोण होता माहितीये? मॅथ्यूचा मोठा मुलगा जॉन, वय चोवीस-पंचवीस, त्याच १८२० मध्ये त्याचं लग्न झालं होतं. म्हणजे संसाराचं पहिलं वर्षच त्याने असं काढलं की एका बाईला नवऱ्याचं सगळं राज्य मिळून कोर्टात उभं करतंय आणि आपण तिची पत्रं लिहितोय. सत्तर वर्षांनी त्याच्याच मुलीच्या नशिबी डिव्होर्स कोर्ट आलं, त्याबद्दल खाली लिहितोच.

बॅरोनेटपद मात्र १८३७ मध्ये मिळालं, व्हिक्टोरिया राणी झाली त्याच वर्षी. तिचे वडील ड्यूक ऑफ केंट कर्जात बुडून परदेशात राहत होते, त्यांना मूल इंग्लंडच्या भूमीवर जन्माला घालायचं होतं म्हणून परत यायला पैसे पाहिजे होते, आणि तेव्हा मदत करणाऱ्यांत मॅथ्यू होता. राणीने ते लक्षात ठेवलं. अजून एक, त्याच सुमाराला ग्लॉस्टरचा जेम्स वुड नावाचा महाकंजूष बँकर १८३६ मध्ये वारला, त्याची इस्टेट नऊ लाख पौंडांच्या घरात, आणि मृत्युपत्रात ज्यांची नावं त्यांत आपले मॅथ्यू. मग काय, वर्षानुवर्षं कोर्टकचेरी. मृत्युपत्र आणि भांडण या घरात तेव्हापासूनच आहे.

व्हिकरचा पगार किती असायचा, सरकार द्यायचं का? (एक निवृत्त शिक्षक, चोपडा)

गुरुजी, पगार नाही, हक्क. ही गोष्ट आपल्या बलुत्याशी ताडून बघितली की पटकन कळते. गावातल्या पिकाचा दहावा वाटा चर्चचा, त्याला टाइद म्हणायचे. ज्याला पूर्ण वाटा मिळतो तो रेक्टर, आणि धान्य-गवताचा मोठा वाटा दुसऱ्याकडे जाऊन कोकरं, लोकर, भाजीपाला असा किरकोळ वाटा ज्याच्या हातात राहतो तो व्हिकर. सुतार-लोहार खळ्यावर येऊन सूप पुढे करायचे तसं पाद्र्याचा माणूस शेतात येऊन दहावी पेंढी मोजायचा आणि शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या, भांडणं तर कायमची. म्हणून १८३६ मध्ये कायदा झाला आणि मालाच्या जागी रोख रक्कम ठरली, ती पण गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर. कापसाचा भाव पडला की आपल्याकडे दुकानदाराचं पण दुकान बसतं, तसं धान्याचा भाव पडला की व्हिकरचं उत्पन्न पडायचं.

जॉन पेज वुडकडे दोन जागा होत्या. १८२४ मध्ये त्याला लंडनचं सेंट पीटर कॉर्नहिल हे चर्च मिळालं, रेक्टर म्हणून. लंडनच्या १६६६ च्या आगीनंतर रेन या प्रसिद्ध आर्किटेक्टने पुन्हा बांधलेलं हे चर्च. तिथे कोणाला नेमायचं हा हक्क लंडन महापालिकेकडे आणि वडील त्याच महापालिकेत वजनदार, तेव्हा नेमणूक कशी झाली ते वेगळं सांगायला नको. मग १८३३ मध्ये इसेक्समधल्या क्रेसिंग गावाची व्हिकरकी. एका माणसाने दोन चर्चं ठेवायची आणि जिथे आपण नसतो तिथे कमी पैशात एक क्युरेट म्हणजे हाताखालचा पाद्री नेमायचा ही त्या काळातली सर्रास पद्धत, आणि मला विचाराल तर वाईट पद्धत, कारण राबणारा वेगळा आणि खाणारा वेगळा. लोकांची ओरड झाली म्हणून १८३८ मध्ये त्यावर बंधनं घालणारा कायदा आला.

पण गुरुजी, यातली खरी मेख अशी की हे उत्पन्न पाद्र्याच्या जिवाबरोबर. तो गेला की दुसऱ्या दिवसापासून हक्क नव्या पाद्र्याचा, घर पण चर्चचं. विधवेला पेन्शन नाही. तेरा बाळंतपणं काढलेल्या बाईला म्हातारपणी घराबाहेर पडावं लागायचं. पदवी मुलाच्या नावावर जाते, पण चुलीचं काय?

आप्पा, सगळं बाप्यांचंच लिहिता. या तेरा मुलांच्या आईचं काही माहीत आहे का? (एक वाचक, अमळनेर)

आहे ना, आणि वहिनी तुम्ही विचारलं ते फार बरं झालं. एमा कॅरोलाइन मिचेल, जन्म १८०२, वडील सॅम्पसन मिचेल हे पोर्तुगालच्या आरमारात अॅडमिरल, घर कॉर्नवॉलचं. लग्न झालं तेव्हा अठरा वर्षांची. बाई चित्रं काढायची, चांगली काढायची. आणि नवरा गेल्यावर साठी ओलांडल्यानंतर तिने कादंबऱ्या छापायला सुरुवात केली, दुसऱ्या नावाने. एक मुलगी अॅना स्टील, ती पण कादंबरीकार झाली. तिचं एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न झालं होतं पण ते टिकलं नाही, ती लगेच माहेरी परत आली आणि लिहीत राहिली.

एमाबद्दल एक प्रसंग सांगतो, मी तो वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही. सगळ्यात धाकटा मुलगा एव्हलिन, १८३८ चा जन्म, चौदाव्या वर्षी आरमारात गेला आणि क्रिमियाच्या लढाईत पोचला. १८ जून १८५५ ला सेबास्टोपोलच्या रेडान बुरुजावर शिडी घेऊन चढाई करताना त्याच्या हाताला जबर मार लागला, डॉक्टर हात कापायला निघाले होते, सतरा वर्षांचं पोरगं, त्याने कापू दिला नाही. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा त्या भागात गेला, आता घोडदळात, आणि तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात न्यूमोनिया आणि टायफॉइड दोन्ही एकदम. घरी निरोप गेला की मुलगा चाललाय. आई निघाली. इसेक्सच्या खेड्यातून बोटीने पार तुर्कस्तान, वय चोपन्नच्या घरात. मार्च १८५६ मध्ये ती वॉर्डात शिरली तर समोर एक नर्स तिच्या मुलाला मारत होती. पोरगं इतकं वाळलेलं की कमरेची हाडं कातडीतून बाहेर आलेली. आईने कोणाचं ऐकलं नाही, डॉक्टर नको म्हणत होते तरी त्याला उचलून घरी आणलं आणि जगवलं. वहिनी, आपल्या सिव्हिलच्या वॉर्डात लेकराच्या खाटेखाली चटई टाकून बसलेली माय मला या बाईत दिसते.

तो मुलगा पुढे भारतात आला होता असं वाचलं. खानदेशात आला होता का, आणि आपल्या लोकांशी लढला का? (एक वाचक, शिरपूर)

लढला, हो. लपवायचं काही कारण नाही. वाचला तो एव्हलिन सतराव्या लान्सर्स या घोडदळाच्या पलटणीतून १८५८ मध्ये हिंदुस्थानात आला आणि लढला तो तात्या टोपेंच्या फौजेशी. १९ ऑक्टोबर १८५८ ला बुंदेलखंडाकडे सिंदवाहोला लढाई झाली तिथे तो होता. त्यानंतर तात्या नर्मदा उतरून दक्षिणेला आले, नोव्हेंबरात खरगोनपर्यंत पोचले, म्हणजे शिरपूरकरांनो, तुमच्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर. मग परत नर्मदा ओलांडून गुजरातकडे वळले, १ डिसेंबरला छोटा उदेपूरला लढाई झाली, आणि पुढे १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला त्यांना फाशी दिलं.

आपला खानदेश त्या दोन वर्षांत शांत नव्हता हे आपल्या पोरांना शाळेत कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. आग्रा रोडवरच्या सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईकांकडे होती, त्यांनीच १८५७ मध्ये भिल्लांना घेऊन बंड केलं, नोव्हेंबरात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली, भिल्ल पडले, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या, बायका कैद करून नेल्या. एव्हलिन या लढाईत नव्हता, पण सरकार तेच, आणि त्याला शाबासकी देणारे हातही तेच.

आता त्याच्या शाबासकीचा कागद बघा. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सगळ्यात वरचं शौर्यपदक. सरकारी गॅझेटात दोन कारणं आहेत. एक सिंदवाहोचं, आणि दुसरं असं की सिंदोऱ्याजवळ दरोडेखोरांनी एका माणसाला फाशी द्यायला जंगलात पळवून नेलं होतं, त्याला एव्हलिनने एक दफेदार आणि एक स्वार एवढ्यांना बरोबर घेऊन सोडवून आणलं. त्या माणसासाठी इंग्रजी कागदात शब्द कोणता छापलाय? ‘पोटैल’. म्हणजे आपला पाटील! पोटैल चेम्मुमसिंग. लंडनच्या गॅझेटात एका गावच्या पाटलाचं नाव आलं, वेडंवाकडं का होईना. पण ज्या दोघांनी त्या अंधाऱ्या जंगलात एव्हलिनच्या खांद्याला खांदा लावला त्या दफेदाराचं आणि स्वाराचं नाव त्या कागदात नाही. त्यांना तो क्रॉस मिळूच शकत नव्हता, कारण हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस १९११ पासून द्यायला लागले. मी हा कागद वाचतो तेव्हा माझी नजर पहिल्यांदा त्या रिकाम्या जागेवर जाते.

भारतातच त्याने पैज लावून एका संस्थानिकाच्या जिराफावर बसायचा पराक्रम पण केला होता, पडला, जिराफाने तुडवला, नाक मोडलं. पुढे आफ्रिकेत झुलू लोकांशी लढाया, इजिप्तच्या सैन्याचा सेनापती, आणि १९०३ मध्ये फील्ड मार्शल. १९१९ ला वारला. त्याच्या नावाआधी जे ‘सर’ लागतं ते मात्र त्याचं स्वतःचं, नाइटचं, वडिलांचं नव्हे. थोरल्या शाखेत वारस असेपर्यंत धाकट्याच्या वाट्याला बॅरोनेटपद येत नाही.

पाद्र्याचे भाऊ-बहीण? थोडक्यात सांगा. (एक वाचक, रावेर)

धाकटा भाऊ विल्यम पेज वुड वकील होता, तो १८६८ ते १८७२ इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर म्हणजे कायद्याच्या खात्यातला सर्वोच्च माणूस, लॉर्ड हॅदर्ली झाला. मूलबाळ नव्हतं, म्हणून १८८१ मध्ये तो गेला आणि त्याची लॉर्डकी त्याच्याबरोबर संपली.

मागच्या अंकात तुम्ही ‘आत्याबाईचं मृत्युपत्र’ म्हणालात. ही बाई कोण आणि कॅथरीनशी सगळं घर का भांडलं? (एक वाचक, जळगाव)

आत्याबाई मी चुकीचं लिहिलं होतं, माफ करा, ती मावशी. आणि नातं जरा गुंत्याचं आहे, कागद-पेन घ्या. एमाची सख्खी बहीण मारिया, तिचं लग्न झालं बेंजामिन वुडशी आणि बेंजामिन म्हणजे एमाच्या सासऱ्याचा भाऊ. म्हणजे माहेरची बहीण सासरी आल्यावर चुलतसासू झाली! पोरं तिला नवऱ्याच्या नावावरून आँट बेन म्हणायची. नवरा खासदार, पैसेवाला, लवकर गेला, मूल नाही, आणि म्हातारी एल्थमला मोठ्या घरात एकटी राहायची.

कॅथरीनचं लग्न कॅप्टन विल्यम ओ’शे या आयरिश घोडदळवाल्याशी झालं, माणूस खर्चिक, धंदे बुडालेले, बायकोजवळ फारसा राहायचा नाही. मावशीने भाचीला जवळच घर घेऊन दिलं आणि कॅथरीन तिच्याजवळ राहिली, तिला वाचून दाखवायची, सोबत करायची, वर्षानुवर्षं. १८८० मध्ये ओ’शे खासदार झाला आणि नवऱ्याच्या कामासाठी म्हणून ती आयर्लंडच्या स्वराज्याचा पुढारी पार्नेलला भेटली. त्या दोघांचं जे जमलं ते शेवटपर्यंत. तीन मुली झाल्या त्याच्यापासून, पहिली तान्हेपणीच गेली. नवरा गप्प का राहिला, तर अनेक इतिहासकारांचं म्हणणं की मावशीच्या पैशांवर त्याचा डोळा होता, भानगड बाहेर आली असती तर म्हातारीने हात आखडता घेतला असता.

१८८८ मध्ये म्हातारीने सगळं कॅथरीनच्या नावे केलं. नव्वदी पार केलेली बाई. बाकीच्या भाचरांना हे कळलं तसं त्यांनी अर्ज टाकला की तिचं डोकं ठिकाणावर नाही. खानदेशात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही, म्हातारीचा अंगठा घेतला, म्हातारीला भुलवलं, हे शब्द आपल्या तालुक्याच्या कोर्टात रोज ऐकू येतात. कॅथरीनने काय केलं, पंतप्रधान राहिलेल्या ग्लॅडस्टनच्या ओळखीने त्यांचेच डॉक्टर सर अँड्र्यू क्लार्क यांना एल्थमला आणलं. डॉक्टर म्हातारीशी बोलले, तपासलं, आणि लिहून दिलं की डोकं ठणठणीत आहे. मे १८८९ मध्ये मावशी गेली आणि भावाबहिणींनी मृत्युपत्रालाच आव्हान दिलं, त्यात फील्ड मार्शल होणारा आपला एव्हलिन पण. त्याच डिसेंबरात ओ’शेने डिव्होर्सचा दावा ठोकला. आता गप्प राहून त्याच्या हाताला काही लागणार नव्हतं.

१७ नोव्हेंबर १८९० ला निकाल लागला. पार्नेल आणि कॅथरीनने बचाव केलाच नाही, त्यांना लग्न करायचं होतं. पार्नेलचा पक्ष महिनाभरात फुटला, आयर्लंडचं स्वराज्य मागे पडलं, लहान मुलींचा ताबा कोर्टाने ओ’शेला दिला, मुली पार्नेलच्या असून. २५ जून १८९१ ला दोघांचं लग्न झालं आणि ६ ऑक्टोबरला पार्नेल तिच्याजवळच वारला, वय पंचेचाळीस. साडेतीन महिन्यांचा संसार. मावशीच्या इस्टेटीत शेवटी तडजोड झाली, तिच्या वाट्याला सगळं आलं नाही. १९२१ मध्ये ती वारली.

एक विनंती करतो. मराठीत पण काही ठिकाणी तिला ‘किटी ओ’शे’ लिहितात. ते तिचं नाव नाही. घरचे तिला केट, केटी म्हणायचे. ‘किटी’ हे तिच्या विरोधकांनी उडवलेलं, त्या काळच्या इंग्रजीत तो बदफैली बाईसाठीचा शब्द होता. आपण तो वापरू नये. ज्या बाईने दहा-बारा वर्षं म्हातारीची सेवा केली आणि प्रेमाच्या माणसासाठी सगळ्या जगाची थुंकी झेलली, तिला तिच्या नावाने हाक मारायला आपलं काय जातं?

कानबाईच्या रोटाला आपण घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू काढतो, आणि त्या मोजणीतच कळतं कोण घरात आहे, कोण वेगळं झालं. वुड मंडळींच्या घरी असे रोट असते तर १८८९ नंतर कॅथरीनची मूठ कोणी काढली नसती, हे मला फार लागतं.

शेवटचा प्रश्न: पाद्रीबाबांना मुलीचं हे सगळं बघावं लागलं का, आणि पदवी कोणाला गेली? (एक वाचक, नंदुरबार)

नाही बघावं लागलं. सर जॉन २१ फेब्रुवारी १८६६ ला वारले, स्वतःच्या घरी नाही तर बेलहसला, इसेक्समध्येच, तिथे त्यांची एमा नावाची मुलगी दिली होती, तिच्या आईचंच नाव. जावई सर थॉमस बॅरेट-लेनार्ड हे पण बॅरोनेटच. पदवी मुलगा फ्रान्सिसला गेली, तो सर फ्रान्सिस झाला, क्रेसिंगच्या चर्चमध्ये नवा व्हिकर आला. अकरा महिन्यांनी, जानेवारी १८६७ मध्ये, धाकट्या कॅथरीनचं ओ’शेशी ब्रायटनला लग्न लागलं. इतक्या जणांची लग्नं लावलेल्या पाद्र्याच्या शेंडेफळाच्या लग्नाला बाप नव्हता.